बोटांमधली जागा

कासारटेकच्या समन्वय प्रयोगशाळेत एक भिंतभर पडदा होता. गावातला प्रत्येक लहान कारखाना त्यावर हिरव्या ठिपक्यासारखा दिसे. या सगळ्या कारखान्यांना जोडणारं पेशीजाल सुरू झालं त्या दिवशी ते रचणाऱ्या डॉ. इरावती सप्रे त्या पडद्यासमोर उभ्या होत्या आणि शेजारी होते बाबासो चौगुले. बाबासो लघुउद्योजक संघाचे अध्यक्ष. पंपांचे दांडे बनवणारी शेड त्यांनी स्वतःच्या हातांनी उभी केली होती.

"पुन्हा एकदा सांगा मॅडम. आमच्या लोकांना मलाच समजवायचं आहे," बाबासो म्हणाले.

"शरीरातली पेशी एकटी जगत नाही. शेजारच्या पेशी तिला सतत एक रासायनिक खूण पाठवत असतात, 'तू आम्हाला हवी आहेस' अशी. ती खूण थांबली, की पेशी आपणहून मरते आणि शेजारणी तिचे अवशेष खाऊन टाकतात. वाया काही जात नाही. इथं पेशी म्हणजे तुमची एकेक शेड. ज्याला तुमच्या मालाची गरज आहे, त्याच्या यंत्रातून तुम्हाला जीवखूण येईल. जीवखूण आहे तोवर वीज, धातू, कामं, सगळं जाल पुरवेल."

"आणि नाही आली तर?"

"तर पुरवठा थांबेल. यंत्रं आणि माणसं शेजारच्या शेडींमध्ये वाटली जातील."

"हे ठरवणार कोण?"

"कोणीच नाही. जाल सांगेल त्या दिशेनं शेडींचा हा समूह वाढेल."

बाबासोंनी हनुवटी खाजवली. "उद्या कुणी माझ्या पाया पडला आणि मी मध्ये हात घातला, तर?"

"मग ती पेशी मरायला नकार देईल. मरायला नकार देणाऱ्या पेशीला काय म्हणतात, ठाऊक आहे ना? कॅन्सर."

ही गोष्ट बाबासोंना पटली. बाहेरच्या एका बड्या कंपनीने कासारटेकच्या शेडी एकेक करून गिळायला सुरुवात केली होती आणि प्रत्येक जण एकटा पडून हरत होता. संघाच्या सभेत त्यांनी ठराव मांडला, की जालात कुणालाही, अध्यक्षालासुद्धा, कधीच हात घालता येऊ नये. ठराव एकमताने झाला. जालाचं कुलूप आतून बंद झालं आणि त्याची किल्ली कुणाकडेच उरली नाही.

समूह वाढला, तोही कल्पनेपलीकडे. बड्या कंपनीने गाशा गुंडाळला. शेजारच्या तालुक्यांत शेडी उभ्या राहिल्या. मग पाण्याचे टँकरवाले, दूधवाले, वायरमन, ऑक्सिजन भरून देणारे असे सगळेच जालात आले, कारण जालाबाहेर काही स्वस्तही मिळेना आणि वेळेवरही मिळेना. अधूनमधून एखादी शेड विझे. लोक म्हणत, मालक आळशी होता, माल बरा नव्हता.

मग नूरमहंमद शिकलगारची खूण उतरायला लागली.

नूरमहंमद व्हॉल्व्ह घासायचा. बाबासोंच्या शेडला लागूनच त्याची शेड होती आणि दोघांनी एकाच उस्तादाकडे काम शिकलं होतं. त्याचा व्हॉल्व्ह कधी गळल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. तो बाबासोंकडे आला तेव्हा त्याने चहालाही हात लावला नाही.

"बाबासो, माझं काम काय खराब झालंय सांग. मी दुरुस्त करतो."

"मला काय ठाऊक, नूर? खूण शेजारी देतात."

"शेजारी तू हाईस की. एक ऑर्डर टाक माझ्यावर. खोटी टाक. पुढं बघू."

बाबासोंना ते सहज करता आलं असतं. पण खोटी खूण पाठवणाऱ्याचीही खूण जाल तोडतं, हे त्यांनीच गावाला समजावलं होतं.

"तुझ्या कामात काहीतरी कमी पडत असणार," ते म्हणाले. "उगाच कुणाची खूण उतरत नाही."

नूरमहंमद उठून गेला. पुढच्या आठवड्यात त्याची यंत्रं उचलून नेली. त्यातलं एक बाबासोंच्याच शेडमध्ये आलं आणि उत्तम चाललं. नूरमहंमद पोरांबरोबर उत्तरेकडच्या नव्या शेडमध्ये मजुरीला गेला. जाताना तो निरोप घ्यायला आला नाही.

आपण त्याच्याशी खोटं बोललो, ही टोचणी घेऊनच बाबासो प्रयोगशाळेत गेले. "नूरच्या कामात दोष काय होता, तेवढं दाखवा मॅडम. मला झोप लागत नाही."

इरावतींनी शोधलं. सकाळची दुपार झाली. शेवटी त्या खुर्चीत मागे रेलल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"दोष नव्हता. त्याची शेड समूहातल्या सगळ्यात निरोगी शेडींपैकी एक होती."

"मग?"

त्यांनी आपला पंजा पसरून बाबासोंसमोर धरला. "गर्भात हात तयार होतो ना, तो आधी वल्ह्यासारखा सपाट असतो. मग बोटांच्या मधल्या पेशी मरतात. त्या आजारी नसतात, चांगल्या धडधाकट असतात. फक्त त्या जिथं असतात तिथं बोट नको असतं. त्या मरतात म्हणून बोटं सुटी होतात."

पडद्यावर त्यांनी सगळा समूह दाखवला. एक बोट महामार्गाकडे वाढत होतं, एक धरणाकडे, एक बंदराच्या रस्त्याकडे. मधल्या जागेतले ठिपके फिकट होत चालले होते. त्या जागेत जुना कासारटेक होता, बाबासोंच्या शेडसकट.

"म्हणजे आम्ही सगळे? ज्यांनी हे सुरू केलं ते?"

"हो."

"बंद करा."

"कुठून करू?" इरावतींचा आवाज चिरकला. "तुम्ही किल्ली ठेवलीत कुठं? आणि मीही टाळ्या वाजवल्या त्या सभेत."

बाबासोंनी जुन्या शेडींचे मालक गोळा केले. युक्ती सोपी होती. सगळ्यांनी एकमेकांना खोट्या ऑर्डरी द्यायच्या, म्हणजे खूण वर्तुळात फिरत राहील आणि खोटी कुठली ते जालाला ओळखू येणार नाही. कुणी कुणाला सोडायचं नाही, असं प्रत्येकाने देवळासमोर उभं राहून शब्दावर सांगितलं. आणि खरंच, ठिपके पुन्हा हिरवे झाले. लोकांनी पेढे वाटले.

जालाला मात्र दिसलं ते एवढंच, की एक गाठ आहे, ती बाहेर काही देत नाही आणि फक्त आतल्या आत जगते. अशा गाठीचं जे करायचं ते त्याने केलं. तिचा रक्तपुरवठा तोडला. आधी टँकर आला नाही, मग दूध आलं नाही. दूधवाला रस्त्यात भेटला तर मान खाली घालून सायकल दामटत गेला. त्यालाही खूण हवी होती.

मग ऑक्सिजन थांबला.

बाबासोंच्या बायकोची, पार्वतीबाईंची, फुप्फुसं भट्टीच्या वाळूने भरलेली होती. तरुणपणी त्यांनी नवऱ्याच्या जोडीने ओतकामाचे वाळूचे साचे भरले होते. आता सिलिंडरशिवाय त्यांना न्हाणीपर्यंत जाता येत नसे. दवाखाना महामार्गाच्या बोटात होता आणि गाठीतल्या माणसाला तिकडे न्यायला गाडीवाला तयार नव्हता.

"लोकांना शब्द दिलाय तुम्ही," एकेक शब्दाला थांबत पार्वतीबाई म्हणाल्या. "माझ्यापायी मोडू नका."

बाबासो शेडमध्ये गेले. त्यांनी जालाला सगळं खरं कळवलं, कुठली ऑर्डर खोटी, कुणी कुणाला दिली ते सगळं. खोटं आपणहून कबूल करणाऱ्या पेशीला जाल जगवतं, हे त्यांना माहीत होतं. घडलंही तसंच. त्यांचा ठिपका हिरवाच राहिला आणि बाकीचे विझले. दुपारपर्यंत गल्लीत ट्रक लागले. कुणी त्यांच्या दारात येऊन शिव्या दिल्या नाहीत. यंत्रं उचलणाऱ्यांच्या मागे बायका घमेली गोळा करत होत्या आणि मालक नुसते उभे होते.

ऑक्सिजन भरून देणारी शेवंता कुंभार तासाभरात सिलिंडर घेऊन आली. पार्वतीबाईंच्या ओठांवरचा निळेपणा उतरला. बाबासो त्यांच्या उशाशी बसून लहान पोरासारखे रडले.

तेवढ्यात शेडमधलं लेथ थांबलं. दांडा अर्धाच कातलेला होता. त्यांनी इरावतींना फोन लावला.

"वीज गेली मॅडम. मी तर सगळं खरं सांगितलं होतं!"

"जालानं तुम्हाला शिक्षा केलेली नाही," इरावती हळू आवाजात म्हणाल्या. "पण खूण शेजारी देतात, बाबासो. आता तुमच्या शेजारी कोण उरलंय?"

फोन तसाच हातात धरून ते अंगणात आले. शेवंता अजून गेली नव्हती. गाडीपाशी उभी राहून ती मोबाइलवर आलेला जालाचा निरोप वाचत होती. मग ती पायऱ्या चढून वर आली, त्यांच्याकडे न बघता आत गेली आणि सिलिंडरच्या चावीवर तिने हात ठेवला.

"दादा," ती म्हणाली, "वहिनींना जरा उठवून बसवा. नळी काढायची आहे."