मागच्या दाराबाहेरचा माणूस

त्याचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला तो विमानाच्या दाराच्या वीतभर काचेतून. पांढराफटक पडला होता.

सकाळचं विमान नुकतंच येऊन थांबलं होतं. मला हवाई सुंदरीच्या नोकरीला लागून पाच महिने झाले होते आणि मागचं डावं दार माझ्याकडे होतं. हँडल माझ्या मुठीत होतं, जरासं फिरलंही होतं... आणि बाहेर, विमानाला लावलेल्या शिडीच्या टोकावर उभा राहून तो शिडीवाला दोन्ही तळवे काचेला लावून मान हलवत होता. नको. नको. आवाज येत नव्हता, ओठ दिसत होते.

मी खाली पाहिलं आणि हँडल होतं तिथेच थांबवलं.

आमच्या दाराच्या पोटात एक रबरी घसरगुंडी घडी घालून ठेवलेली असते. निघताना तिचा दांडा विमानाच्या जमिनीतल्या खोबणीत अडकवायचा, म्हणजे संकटात दार उघडताच ती फुगून बाहेर झेपावते आणि माणसं घसरत खाली उतरतात. मुक्कामाला पोचल्यावर मात्र आधी दांडा सोडवायचा, मगच दार उघडायचं. मी तो सोडवलाच नव्हता. शेवटच्या रांगेतल्या एका आजोबांना घेरी आली होती. त्यांना सावरता सावरता मी सवयीने "झालं" म्हणून मोकळी झाले होते, आणि समोरच्या दारावरच्या मैत्रिणीनेही न बघताच मान डोलावली होती. दांडा अडकवलेला असल्याची खूण म्हणून काचेवर आडवी लावलेली लाल पट्टी तशीच होती. ती त्याला दिसली म्हणून बरं. नाहीतर घसरगुंडीने त्याला शिडीवरून उडवून दिलं असतं.

मी हँडल जागेवर नेलं. दांडा सोडवला, मैत्रिणीला बोलावून दोनदा दाखवला, मगच दार उघडलं. त्याच्या पाठीमागे सफाईच्या दोन बाया बादल्या घेऊन उभ्या होत्या. तो बाजूला झाला आणि अगदी शांतपणे "या, सावकाश" म्हणाला.

प्रवासी उतरल्यावर मी त्याला शिडीखाली गाठलं. कुणी पाहिलं नाही, कुणाला लागलं नाही, झालं गेलं विसरून जाऊ या, असं मी हातापाया पडून सांगत होते. तो म्हणाला की त्याला हे काम शिकवणाऱ्या उस्तादांना अशाच एका दाराने खाली फेकलं होतं. ते अजून काठी घेऊन चालतात.

"संध्याकाळी सहापर्यंत मी काही लिहीत नाही," तो म्हणाला. "तुम्ही लिहिलंत तर ती चूक राहील. मी लिहिलं तर तक्रार होईल."

घरी येऊन मी त्याला खूप शिव्या घातल्या. आई माझा गणवेश इस्त्री करत होती. तिने एवढंच विचारलं, की तो खोटं बोलतोय का? मी नाही म्हणाले. "मग राग कुणावर काढतेस?" ती म्हणाली, आणि कॉलर उलटवली.

साडेपाचला मी आमच्या साहेबांना लिहून कळवलं.

चौकशीत त्यालाही बोलावलं. माझा हात हँडलवर होता, हँडल फिरलं होतं, सगळं त्याने जसंच्या तसं सांगितलं. मी मान खाली घालून बसले होते. मग साहेबांनी विचारलं, पट्टी दिसल्यावर तुम्ही खाली का नाही पळालात?

"मागे त्या दोघी होत्या," तो म्हणाला. "मी पळालो असतो तर त्यांच्या अंगावर पडलो असतो."

तेव्हा मी मान वर केली... आणि त्याला नीट पाहिलं.

माझं उडणं बंद झालं. तीन आठवडे पुन्हा शिकायचं आणि परीक्षा द्यायची. नापास झाले तर नोकरीला रामराम. शिकवायच्या खोलीत विमानाचा एक तुकडाच मांडलेला होता, खऱ्या दारांसकट. दाराबाहेर उभं राहायला त्याला पाठवत. तो टकटक करी. मी दांडा पाही, पट्टी पाही, पुन्हा दांडा पाही.

"आत नवं विमान बांधताय का?" तो बाहेरून विचारी.

"घाई असेल तर खिडकीतून या."

परीक्षेत शेवटी पंखावरची, संकटात बाहेर पडायची खिडकी आली. धूर, आरडाओरडा, मागून ढकलणारी माणसं... सगळे "उघडा, उघडा" म्हणत होते. माझा हात वर गेला, आणि थांबला. मी आधी काचेतून बाहेर पाहिलं. पंखाखाली तांबडा उजेड होता. तिथे आग आहे असं समजायचं होतं.

"इथून नाही! पलीकडे वळा!" मी सगळ्यांना मागे फिरवलं. परीक्षक बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पहिल्यांदाच हसल्या.

ही बातमी त्याला सांगायला मी धावत शिडीपाशी गेले. तिथे दुसराच कुणी होता. हा नवा म्हणाला, त्याने तर दाराच्या त्या प्रकारानंतर त्याच आठवड्यात मालगोदामातलं काम मागून घेतलं. शिडी चढताना त्याचे पाय लटपटतात. शिकवायच्या खोलीत तीनच पायऱ्या, म्हणून तिथे जमलं.

माझा आनंद तिथेच विरला. कुणाला काही लागलं नाही, असं मी म्हणाले होते.

गोदामात तो खोक्यांवर लेबलं लावत होता. मी माफी मागितली. तो म्हणाला, भीती बसली आहे, राग नाही. भीती जाईल. पास झाल्याबद्दल अभिनंदनही केलं, आणि पुढच्या खोक्याकडे निघाला.

"अहो, ऐका ना," माझ्या तोंडून गेलं.

तो वळला. कान लालबुंद झाले होते. "अशी हाक मारू नका... लोकांचा गैरसमज होईल."

"लोकांचा होऊ दे. तुमचा होऊ नये, म्हणून स्पष्ट सांगते — मला तुम्ही आवडता."

त्याने हातातलं लेबल भलत्याच खोक्यावर चिकटवलं. मग ते नखाने सोलत बसला, खूप वेळ.

"माझी ड्युटी पाचला सुटते," तो शेवटी म्हणाला. "आत्ता साडेतीनच झालेत."

मी एक रिकामं खोकं ओढून त्यावर बसले.