ही नव्हे

आई चहात मीठ घालत होती आणि मी भांडत होते. सुट्टीत घरी आले की आमचं हेच.

माझं नाव एनेबिश, म्हणजे 'ही नव्हे'. हे काय नाव झालं? आमच्या बोलीत 'तो', 'ती' असं काही नाहीच. माणसालासुद्धा 'हे', 'ते' म्हणूनच दाखवायचं. माझ्याआधीची भावंडं पाळण्यातच गेली. तेव्हा आईनं ठरवलं, न्यायला जे येतं ते बोट दाखवून 'हे का?' विचारतं, तर उत्तर नावातच असू दे.

"वर्गातली बोलोर रोज छळते! म्हणते, ही नव्हे, तर मग कोण गं ती?" मी ओरडले. "आता शाळा उघडली की माझं नाव मिशील. बाईंना सांगून आलेय."

"शाळेत हवं ते नाव लाव. इथं उच्चारू नकोस."

"जन्मभर मी कुणीच नव्हते, आता गप्पही बसू?"

मी तरातरा बाहेर गेले, माळाकडे तोंड केलं आणि घसा फाटेस्तोवर ओरडले, "मी मिशील! मी! मी!"

कसलं भारी वाटलं! माळावरचे टोळ किरकिरायचे थांबले. आमचा कुत्रा बासार वाऱ्यावरसुद्धा भुंकतो. तो तंबूला पाठ टेकून मुकाट बसला.

आत येऊन मी चहाचा वाडगा उचलला. भर दुपार होती. आमच्याकडे येणारा लांबूनच 'कुत्रा आवरा' अशी हाक देतो. तशी हाक आलीच नाही. दाराबाहेरून एकदम आईचा आवाज आला.

"मिशील, ये गं बाहेर."

आई माझ्यासमोर बसली होती. हातात पळी.

"सांग त्याला, मी ती नव्हे म्हणून," ती कुजबुजली.

"का म्हणून? नाव माझं आहे!"

"सांग, पोरी."

दारावर सोडलेला जाड लोकरी नमदा हळूहळू आत फुगला.

"मी नव्हे," मी रागानं रडत म्हणाले. "मी मिशील नव्हे."

नमदा पुन्हा सपाट झाला. टोळ पुन्हा सुरू झाले.

पण मी काय हार मानते! शाळा उघडली त्या सकाळी वर्गात ताठ बसले. मागचा बाक रिकामा होता, मी बघितलं होतं. बाईंनी हजेरी घेतली.

"मिशील?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला. माझाच.

"हजर."

पुढच्या बाकावरची बोलोर वळली, माझ्या खांद्यावरून मागे बघून हसली.

"नाव शोभतं गं तुला."