कमरेएवढं पाणी

श्रीरंग राऊत सापडले ते स्वतःच्याच बावखलात, पालथे, कमरेएवढ्या पाण्यात. भुईगावातल्या जुन्या बागांत असं एखादं गोड्या पाण्याचं तळं असतंच. श्रीरंग चालायच्या आधी या तळ्यात पोहायला शिकले, असं गाव म्हणे. असा माणूस सकाळी तोंड धुवायला काठावर बसतो आणि तिथेच बुडतो, हे कुणाच्याच पचनी पडेना.

सगळ्यात आधी बोलली त्यांची बायको सुमन. पोलिसांनी अंगणात पाय ठेवला आणि तिने सुनेकडे बोट केलं. कृतिका सासऱ्यांना रोज गोळ्या देत असे, एक बीपीची आणि एक कोलेस्ट्रॉलची. तिनेच जास्त घातल्या, असं सुमनचं म्हणणं. दुपारपर्यंत ते अख्ख्या गावाचं म्हणणं झालं.

तपास आला सहायक निरीक्षक क्षितिजा मोरेकडे. फार्मसी शिकून पोलिसात आलेली बाई. मेडिकल टाकलं असतंस तर सुखात असतीस, हे तिला घरी अजून ऐकावं लागे. मयत उचलायच्या आत जिथे सून आरोपी ठरते, अशा घरात आलं की तिलाही ते पटे.

कृतिका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. रडून तिचा आवाज बसला होता.

"गोळ्या कधी द्यायचीस?"

"सकाळी, चहानंतर. डॉक्टरांनी लिहिल्यात तेवढ्याच, मॅडम. पाकिटं बघा हवं तर."

"त्यांची तब्येत कशी होती?"

"आठवडाभर उठताना चक्कर यायची. डॉक्टरकडे नेऊया म्हटलं, तर हे म्हणाले, अशक्तपणा आहे. रोज स्वतः मोसंबीचा रस काढून द्यायचे बाबांना."

हे म्हणजे तिचा नवरा धवल. हृदयाच्या औषधांच्या कंपनीत एमआर, एरवी कायम फिरतीवर. या वेळी रजा टाकून घरी होता आणि बापाची सेवा करत होता, म्हणून सुमन खुशीत होती. कारण बापलेकाचं भांडण जुनं. धवलला बावखल बुजवून बाग बिल्डरला द्यायची होती. मी आहे तोवर एक पाटी माती पडू देणार नाही, असं श्रीरंग म्हणत.

क्षितिजाने पाकिटं तपासली. एकही गोळी जास्त गेलेली नव्हती. मग ती परसात गेली. कचऱ्याच्या बादलीत मोसंबीची साल नव्हती. केळीच्या आळ्यातली माती मात्र ताजी उकरलेली दिसली. काठीने टोकरल्यावर जाड, आतून कापसासारखी पांढरी सालं वर आली. पलीकडच्या पपनसाच्या झाडावर काही देठ सुरीने कापलेले होते.

हे सांगितल्यावर सुमन चपापली. या घरात गणपतीपुढे ठेवल्याशिवाय झाडाचं पपनस कुणी तोडत नसे, आणि गणपतीला अजून अवकाश होता. नवऱ्याने तो रस तोंडाला लावला नसता, असं ती ठामपणे म्हणाली. मग तिलाच आठवलं की करोनापासून त्यांना कशाचीच चव लागत नव्हती.

क्षितिजाने तिघांना ओटीवर बसवलं.

"खाली बसलेला माणूस उठतो तेव्हा रक्त पायांत उतरतं," ती म्हणाली. "त्याच क्षणी नसा आवळतात आणि रक्त वर ढकलतात, म्हणून आपण पडत नाही. बीपीची गोळी नसा सैल करायलाच असते. कोलेस्ट्रॉलची गोळी फक्त चरबीवर चालते असं आपण समजतो, पण ती नसेची भिंतही थेट थोडी सैल करते. एरवी ते जाणवतसुद्धा नाही. पण बाबा घेत होते त्या दोन्ही गोळ्या आतड्यात बऱ्याचशा मोडल्या जातात आणि पपनसाचा रस ते मोडणंच थांबवतो. गोळ्या तेवढ्याच राहिल्या, अंगात भिनणारं औषध वाढलं. आज बाबा काठावरून उठले आणि नसा आवळल्याच नाहीत. शुद्ध गेली आणि ते पाण्यात पालथे पडले."

ती धवलकडे वळली.

"हे कृतिकाला माहीत नव्हतं, आईंनाही नव्हतं. ज्याचं पोटच या औषधांवर चालतं त्याला माहीत होतं. त्याने फळं कापली, सालं पुरली आणि रसाला मोसंबीचं नाव दिलं."

धवलच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, कंटाळा होता.

"फळ खाऊन माणूस मेला, असं कोर्टात सांगणार, मॅडम? बुडून मेले, हेच रिपोर्टमध्ये येईल. अंगात सापडतील त्यांच्याच गोळ्या. रस मी दिला, याला साक्षीदार कोण? ही? हिच्यावर तर आईचीच तक्रार आहे."

"आई आहेत. तुम्हाला रोज पेला देताना त्यांनी पाहिलंय."

सगळे सुमनकडे पाहू लागले. ती पदराचं टोक पिळत बसली होती. नवरा गेला होता आणि एकुलता एक मुलगा समोर होता. ती काय म्हणणार हे क्षितिजाला आधीच कळलं आणि तिला फार वाईट वाटलं.

"रस मीच काढत होते," सुमन म्हणाली. "फळं वाया जाताना बघवेना. पोराचा काही संबंध नाही."

हे खोटं आहे हे ओटीवर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. क्षितिजाने पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं, गोड बोलून आणि दरडावूनही. सुमन हलली नाही. नवऱ्याला मायेने रस पाजणाऱ्या म्हातारीला कुठलं कोर्ट काय करणार होतं? आणि तिच्या आड उभ्या असलेल्या मुलापर्यंत तर हातच पोचत नव्हता. निदान कृतिकावरचा आळ गेला, एवढ्यावर समाधान मानून क्षितिजा उठली.

तेवढ्यात सुमन सुनेकडे वळली.

"पण गोळ्या तर तूच द्यायचीस. त्यावर पपनस चालत नाही, हे मला सांगायला नको होतंस?"

कृतिकाने नवऱ्याकडे पाहिलं. धवलने सावकाश मान हलवली.

"सांगायला हवं होतंस गं," तो म्हणाला.

फाटकाशी जमलेल्या बायकांनी ते ऐकलं. दिवस मावळायच्या आत ते भुईगावभर झालं.