पुलावर उघडणारी डिक्की

माझं कोणी ऐकलं नाही. सहा महिने घसा कोरडा करून सांगत होते की ही डिक्की कुठंही उघडत नाही, गोदावरीच्या पुलावरच उघडते. घरातले हसले, फिटर हसला. हरिओम तर तोंडावर म्हणाला, "काकू, तुमीच आपटून आपटून तिचा खटका घालवला." राजेश्री, तू आता जवळ सरक अन् मधी बोलू नको. ऐकीव सांगत नाही, मी त्या गाडीत बसलेले होते.

हरिओम माझा पुतण्या. त्याची माय मनकर्णा, माझी थोरली जाऊ, मे महिन्यात वारली. तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि हरिओमनं गंगाखेडच्या घाटावर अस्थी सोडल्या. मी शेजारी उभी होते. घरी आलो, न्हालो, संपलं असं वाटलं.

जूनपासून डिक्कीचं सुरू झालं. गाडी पांढरी, जुनी घेतलेली, पाठीमागं पेटीसारखी डिक्की. फिटरनं पहिल्यांदा तेल सोडलं. मग खालची कडी ठोकून सरकवली. मग खटकाच नवा टाकला. किल्लीतलं बटण खिशात दाबलं जात असेल म्हणून तिचा सेल काढून बघितला. शेवटी डिक्कीकडं जाणारी वायर तोडली आणि म्हणाला, "आता किल्ली घालून फिरवल्याबिगर ब्रह्मदेवाला उघडायची न्हाई, बाई."

त्याच दिवशी परभणीला निघालो. पुलावर उघडली.

"पुलावर खड्डा हाय, हादरा बसायलाय," हरिओम म्हणाला.

"अन् आपल्या गावच्या रस्त्याला काय गालिचा हातरलाय का रे?"

त्यानं उतरून झाकण आपटलं आणि गाडी पुढं काढली.

आता ती रात्र. डिसेंबरची अकरा तारीख, गुरुवार. हरिओमची बायको अपेक्षा दिवसात होती, दहाच्या सुमाराला तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. भाया, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, हरिओमचे वडील, घरीच थांबले. आम्ही तिघं निघालो. गंगाखेडच्या डॉक्टरीणबाईनं पोटाला हात लावला आणि म्हणाली, "पोर आडवं आहे. थांबू नका, परभणी गाठा."

पावणेबाराला पूल लागला. रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं.

खट. उघडली.

हरिओम उतरला, दाबून लावून आला. वीस पावलं गेलो असू.

खट.

या वेळी त्यानं नायलॉनची दोरी काढली आणि तीन गाठी मारून डिक्की खालच्या लोखंडाला बांधली. मी काचेतून बघत होते. गाठी पक्क्या होत्या. तो येऊन बसला, गियर टाकला, तशी मागं दोरी सळसळली. तुटल्याचा आवाज नव्हता. सोडल्याचा होता.

आणि गाडी बंद पडली.

किल्ली फिरवली. काही नाही. परत फिरवली. काही नाही. अपेक्षाचं डोकं माझ्या मांडीवर होतं, अंग घामानं भिजलेलं. मला एकच दिसत होतं, ही पोर अन् तिच्या पोटातलं, दोन्ही इथंच राहतात.

"काकू, मागं कोण हाय?"

"कोणी न्हाई, बाळा. डिक्की हाय."

"मग माझ्या पाठीला हात कोण लावायलंय?"

मी तिच्या पाठीखाली हात घातला. सीटच्या आतून काहीतरी दाबत होतं. हळूहळू. कळा येणाऱ्या बाईची कंबर दाबतात ना... तसं.

मी हात काढला.

हरिओमला म्हणलं, "उतर." तो हलला नाही. मग मीच उतरले. मोबाईलचा उजेड पाडला. झाकण पूर्ण वर. कपड्याची पिशवी एका अंगाला सरकलेली. आणि खालची चटई... मधून फुगलेली. मी हात लावला, तशी खाली बसली.

"हरिओम, स्टेपनी काढ."

आता तो आला. चाक उचललं. त्याखाली खोलगट जागेत धोतराच्या फडक्याची पुरचुंडी. मी सोडली. राख, हाडाचे तुकडे, आणि एक काळं पडलेलं जोडवं. त्याचा वेढा वाकडा होता. ते मनकर्णाचं वाकडं जोडवं मी सत्तावीस वर्षं चुलीपुढं बघितलेलं.

"काकू, मी सगळ्या सोडल्या होत्या. तुमी होतात."

"होते."

"मग ह्या..."

गाडीत अपेक्षा किंचाळली.

"टाक," मी म्हणलं. "तू पोरगा हाईस. माय म्हण अन् टाक."

त्यानं कठड्यावरून हात बाहेर काढला. "माय..." एवढंच म्हणला. पुरचुंडी सुटली. आम्ही कान देऊन उभे राहिलो.

पाण्याचा आवाज आला नाही.

आम्ही उभेच.

आला नाही.

मागं झाकण आपणहून खाली आलं. हळू. खट... लागलं. हरिओमनं किल्ली फिरवली, गाडी पहिल्या फेऱ्यात सुरू झाली. परभणीच्या दवाखान्यात अपेक्षाला आत नेलं, पोट उघडलं, तीन दहाला मुलगी झाली. दोघी वाचल्या.

उजाडल्यावर बाळाचे कपडे काढायला गेले. डिक्की किल्ली फिरवून उघडावी लागली, इतकी घट्ट. चटईवर नदीची वाळू होती, ओली, आणि त्यात एकच पाऊल. बाईचं. टाच रस्त्याकडं, बोटं आत.

आत गेलेलं. बाहेर आलेलं नाही.

ती चटई मी धुतली, उन्हात टाकली. सगळी वाळते, तेवढी जागा वाळत नाही. तू उद्या सकाळी हात लावून बघ.

गावानं आधी खटक्याला नावं ठेवली, मग माझ्या हाताला, मग हरिओमला, मायच्या अस्थी गाडीत विसरला म्हणून. पोरगं मान खाली घालून ऐकत होतं. पाचव्या दिवशी भाया ओसरीवर सगळ्यांपुढं बोलले. सावडताना त्यांनी मूठभर राख बाजूला काढली होती. अस्थी घरात आणता येत नाहीत, म्हणून गाडीत ठेवली. रोज रात्री सगळे झोपले की डिक्कीवर हात ठेवून म्हणायचे, "जाऊ नको."

"आता तरी म्हणू नका," मी त्यांना म्हणलं.

काल रात्री मी पाणी प्यायला उठले, तर गाडीपाशी ते उभे होते.

भायाचं नाव बाईनं घेऊ नये म्हणतात. मी सत्तावीस वर्षं घेतलं नाही. आज घेते. तिला जाऊ दिलं नाही ते खटक्यानं नाही, हरिओमनं नाही. आश्रुबानं.