रेंगाळणारी लाट

टिचकीने बाबांच्या उजव्या बरगड्यांवर हलकेच टिचकी मारली आणि तिच्या कपाळावरचा हिरवा दिवा पिवळा झाला. टिचकी म्हणजे घरोघर तपासणीला येणारा, कुकरएवढा आरोग्य-रोबो. नाव कस्तुरीने ठेवलेलं.

"माझ्या टिचकीची लाट यकृतातून फार झपाट्याने गेली," टिचकी म्हणाली.

"शाब्बास बाबा! पहिला नंबर!" कस्तुरी ओरडली.

आई मात्र हसली नाही. बाबा तर ठणठणीत होते, सकाळपासून दारातल्या रसवंतीचा चरक चालवत होते. मग आईचा चेहरा का उतरला?

टिचकी कस्तुरीला कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांपाशी घेऊन गेली. "या ताणलेल्या दोरीला झटका दे. आता त्या ढिल्या दोरीला."

ताणलेल्या दोरीवरून लाट सुर्रकन गेली. ढिल्या दोरीवर ती रेंगाळली.

"निरोगी यकृत मऊ असतं, लाट त्यात रेंगाळते. बाबांचं कडक होऊ लागलंय."

"कडक म्हणजे मजबूत ना?"

"नाही. यकृतातून सतत रक्त वाहत असतं. ते कडक झालं की रक्ताची वाट अडते."

"पण कडक झालंच कसं?"

उत्तर आईने दिलं. "विचार तुझ्या बाबांना! प्रत्येक मोळीचा पहिला पेला कोण पितं?"

"आजोबांपासूनची रीत आहे," बाबा पुटपुटले. "मालकाने चाखल्याशिवाय गिऱ्हाइकाला रस द्यायचा नाही."

"चाखायचा! पेला रिकामा करायचा नाही!"

टिचकी शांतपणे सांगू लागली. जास्तीच्या साखरेची यकृतात चरबी होते. चरबी साठत गेली की तिथल्या पेशींना इजा होते. इजा बुजवायला शरीर कोलाजेन (प्रथिनाचे चिवट धागे) विणतं. मग येतं लायसिल ऑक्सिडेज नावाचं विकर (शरीरातली रासायनिक कामं झटपट घडवून आणणारं प्रथिन). ते धाग्यांच्या ठरावीक जागा बदलून तिथे जणू आकडे तयार करतं. आकडे आपोआप एकमेकांत अडकतात आणि धागे मोळीसारखे आवळले जातात.

"ती सुटी मोळी बघ. त्यातला एक ऊस ओढ."

ऊस सहज निघाला.

"आता ती वाढ्याने, उसाच्या शेंड्याच्या पाल्याने, आवळलेली."

कस्तुरीने पाय रोवून ओढलं. ऊस हलला नाही, तीच मागे आपटली.

"शरीरात जुने धागे कापून साफ करणारी विकरंही असतात," टिचकी म्हणाली. "धागे सुटे असले तर ती काम उरकतात. मोळी आवळली की त्यांना शिरायला जागाच उरत नाही."

"मग त्या आकडेवाल्याला मारून टाक!"

"तुझ्या गुडघ्याची जखम भरली, ती त्याच्याही मदतीने. तुझ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीही त्याच्यामुळे टिकतात. गुन्हा त्याचा नाही. रोज रोज इजा होते, म्हणून त्याला रोज बोलावणं जातं."

"औषध नाही?" आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळत विचारलं.

"त्याला फक्त यकृतापुरतं आवरायचं औषध शास्त्रज्ञ शोधताहेत. सोपं नाही ते. पण इथे मोळी अजून घट्ट आवळलेली नाही. इजा थांबली, तर धागे सुटू शकतात."

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा चरकाकडे बघत राहिले. "आजोबांनी शिकवलेलं एवढंच तर राहिलंय माझ्याकडे. ते कसं मोडू?"

कस्तुरीने थोडा विचार केला. मग बाबांचा उजवा हात धरून त्याचा तळवा खोलगट केला. "मोडू नका. देवळात तीर्थ घेता ना, तसं घ्या. तळहातावर, एवढंसं. पेला गिऱ्हाइकाला."

बाबा चरकापाशी गेले. पुढची मोळी चरकात गेली. रस आला. त्यांनी चमच्याने थेंबभर रस तळहातावर घेतला, चाखला आणि म्हणाले, "आलं कमी आहे." पेला बाकावरच्या गिऱ्हाइकापुढे गेला.

उन्हाळा सरला. पावसाळ्यात रसवंती बंद असते, तेव्हा बाबा आईबरोबर टेकडीवर चालायला जाऊ लागले. सुरुवातीला कुरकुरत, मग तिच्याही पुढे.

दिवाळीच्या सुमारास टिचकी पुन्हा आली. बरगड्यांवर टिचकी मारली.

"मागच्या वेळेपेक्षा लाट जास्त रेंगाळली," टिचकी म्हणाली. "अजून थोडी रेंगाळायला हवी. पण मोळी सुटतेय."

कपाळावरचा दिवा पिवळाच होता, फक्त कडेने किंचित हिरवा दिसत होता. आणि शर्यतीत मागे पडलेल्या त्या लाटेसाठी कस्तुरीने जोरजोरात टाळ्या वाजवल्या.