चारशे बारा नंबरचा बिल्ला

भट्टीत कामाला येणाऱ्या प्रत्येकाने छातीवर बिल्ला लावायचा आणि महिनाअखेर बिल्लेमास्तरांच्या खिडकीत द्यायचा. अंगाला किती किरण लागले, ते बिल्ला सांगतो. या संपूर्ण स्वदेशी अणुभट्टीत सव्वीस वर्षांत इंधनाचा कणही आला नव्हता, त्यामुळे सगळ्यांना शून्य. मास्तर ते इमानेइतबारे वहीत चढवत. देशाला वीज नसेल, पण भोपळे भरपूर, असं स्वतःच म्हणत.

मार्चमध्ये चारशे बारा नंबरने आकडा दाखवला. तो बिल्ला कुणाला दिलेलाच नव्हता. खिडकीमागच्या खिळ्याला लटकत होता. मास्तरांनी बिल्ला वाचायचं यंत्र पुसलं, मग बदललं. एप्रिलला आकडा दुप्पट. मेमध्ये त्याने वर्षाची मर्यादा ओलांडली. हाताला बिल्ला कोमट लागायचा, आत्ताच कुणीतरी अंगावरून काढल्यासारखा.

साहेबांनी कागद पाहिला, चहा संपवला.

"मास्तर, सोमवारी उद्घाटन. भट्टी रिकामी, बिल्ला बेवारस, आणि तुम्ही मला किरण दाखवताय?"

"आकडा आहे, साहेब."

"शून्य लिहा. सव्वीस वर्षं जमलं ना?"

मग सहज आठवल्यासारखं त्यांनी मुलीच्या अर्जाचं विचारलं. मास्तरांची धाकटी वेल्डिंग शिकून दोन वर्षं घरी बसली होती. तिच्यासाठी मास्तरांनी याच साहेबांचे उंबरठे झिजवले होते.

मास्तरांनी शून्य लिहिलं. तीन महिन्यांची तीन, गोल गरगरीत.

सोमवारी फीत कापली गेली. इंधन पुढच्या वर्षी येणार, असं भाषणात सांगितलं. त्यालाही टाळ्या पडल्या.

धाकटी त्याच दिवशी रुजू झाली. नव्या माणसाला रिकामा नंबर द्यायची पद्धत. कारकुनाने वही उघडली, वडिलांच्या सहीची शून्यं पाहिली आणि खिळ्यावरचा बिल्ला तिला देऊन टाकला.

"बाबा, हा गरम का लागतोय?"

मास्तरांचा हात पुढे झाला. पण सांगणार काय? वही उघडीच होती.

"उन्हात होता," ते म्हणाले.

त्या खिडकीला ऊन येत नसे.

महिनाअखेर त्यांनी आधी तिचाच बिल्ला यंत्रात घातला. शून्य. पुन्हा घातला. शून्य. अगदी खरंखुरं.

बिल्ला गार पडला होता.

मास्तर शीळ घालत घरी आले. धाकटी डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळून चहा करत होती.

"शून्यच ना, बाबा?"

"शून्य."

ते हात धुवायला मोरीत गेले. कट्ट्यावर तिचा कंगवा होता. कंगव्यात तिची वेणी अडकली होती. अख्खी, मुळांसकट, रबरबँड तसंच.