हातभर पट्टी

माझ्या पलंगाखाली एक पत्र्याची पेटी आहे.

तिच्यात काय आहे ते शेवटी सांगेन. पण ती पेटी आहे, म्हणूनच ही हकीकत मी छातीवर हात ठेवून सांगू शकते. नुसती ऐकीव असती तर लिहायला बसलेच नसते.

हे माझ्या बाबांच्या बाबतीत घडलं.

साल १९७२. मे महिना, गुरुवार. भाईंदर पूर्वेला, नवघरच्या पुढे, खाडीच्या अंगाला. आज तिथे जेसल पार्कच्या इमारती उभ्या आहेत. तेव्हा नजर जाईल तिथवर मिठागरं होती. पांढऱ्या राशी, पांढरे बांध, आणि वर पांढरं ऊन.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

बाबा मला म्हणाले होते, "काळोखाला भ्यायला सगळेच शिकतात गं आशा. उजेडाला भ्यायला मी त्या दिवशी शिकलो."

बाबांचं नाव महिपत. मूळचे रत्नागिरीकडचे. काशीमिऱ्याच्या नाक्यावर त्यांची टपरी होती. गाड्यांच्या काचा बसवायचं काम. जोडीला माझा मामा, विठू. महिपतने बसवलेल्या काचेतून पावसाचा थेंब आत येत नाही, असं लोक म्हणायचे. आमच्या घरात दुसरी श्रीमंती नव्हती. तेवढं नाव होतं.

आता ते काम कसं असतं, ते आधी सांगते. पुढे लागेल.

जुन्या गाडीची पुढची काच बसवायला दोन माणसं लागतात. काचेभोवती रबर. रबराच्या खाचेत दोरी फिरवून ठेवायची. एक जण गाडीत बसून ती दोरी हळूहळू ओढतो. दुसरा बाहेरून, दोरी असेल तिथे, तळहाताने काचेवर थापा मारतो. थाप आणि ओढ जुळली की रबराचा ओठ चौकटीवर चढतो. मग शेवटी रबरात निकेलची चकचकीत पट्टी ठोकायची. पट्टी बसली की रबर फुगतं आणि काच जाम होते.

मग ती आतून कितीही ढकला, निघत नाही.

फोडावीच लागते.

गाडी बाळारामशेठची. मिठागरांचे मालक, गावातलं जुनं आगरी घर. काळी हिलमन, लांब नाकाची. तीन वर्षं मिठागराच्या टोकाला, झावळ्यांच्या शेडमध्ये पडून होती. इंजिन लग्नासाठी चालू करून घेतलेलं, पण पुढची काच नव्हती. पट्ट्या गंजलेल्या.

"परवा माझ्या सुगंधाचं लगीन हाय, मिस्त्री," बाळारामशेठ म्हणाले. "पोर याच गारीन बसून सासरी जानार. काच आरशावानी बसव. आन् पट्टी अशी चमकली पायजे..."

"शेठ, नवरी त्या पट्टीत बघून कुंकू लावेल," विठूमामा म्हणाला.

शेठ हसले. बाबांनी सहज विचारलं, "आधीची काच कशाने गेली?"

शेठचं हसू थांबलं.

"दगर लागला," ते म्हणाले. आणि गाडीकडे न बघताच निघून गेले.

बाबांनी जुनं रबर काढलं. काचेचा चुरा सगळा गाडीच्या आत पडलेला होता. सीटच्या फटीत, पायाखाली. दगडाने एवढी काच जात नाही. ही कुणीतरी बाहेरून घाव घालून फोडली होती.

मग त्यांचं लक्ष सीटकडे गेलं.

सीटच्या पाठीवर मिठाची एक पांढरी रेघ होती. आडवी, सरळ. बसलेल्या माणसाच्या हनुवटीइतक्या उंचीवर...

आणि डाव्या कोपऱ्यात, रबराच्या खाचेत अडकलेला हिरव्या बांगडीचा तुकडा.

"भावोजी, लग्नघर आहे," मामा म्हणाला. "फुटली असेल कुणाची. तुम्ही काम बघा."

बाबांनी काम बघितलं.

नवी काच मुंबईहून कापून आणली होती. ओरखडा पडू नये म्हणून बाहेरच्या बाजूला वर्तमानपत्र चिकटवलेलं. बाबांनी ते तसंच ठेवलं. मिठावरचं ऊन डोळ्यांत सुया टोचतं. कागदाची तेवढीच सावली.

रबराला साबणाचं पाणी लावलं. काच चौकटीला टेकवली. बाबा आत बसले, मामा बाहेर. उजवीकडून सुरुवात केली. ओढ आणि थाप... ओढ आणि थाप... उजवी बाजू बसली. बाबा दोरी घेऊन डावीकडे आले.

थाप आली नाही.

"विठू, अरे झोपलास काय उभ्या उभ्या? डावीकडे दाब."

क्षणभर काहीच नाही.

मग...

थप.

बाबांनी दोरी ओढली. रबर चढलं. आणि लगेच सुटलं.

थप... थप.

पुन्हा ओढली. पुन्हा सुटलं.

तिसऱ्यांदाही तेच. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. जिथे दोरी, तिथेच बरोबर थाप पडत होती. तरी काच आत येण्याऐवजी बाहेर निसटत होती.

"दाबतोयस की ढकलतोयस रे?" बाबा ओरडले.

उत्तर नाही.

गाडीत उकाडा होता. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. पण डाव्या दंडाला मात्र गार लागत होतं. ओलं, गार. शेजारी कुणी भिजल्या कपड्यांनी बसावं, तसं...

बाबा दार उघडून बाहेर आले.

बाहेर कुणी नव्हतं.

लांब बांधावर विठूमामा दिसला. हातात बादली. साबणाचं पाणी वाळलं म्हणून तो विहिरीवर गेला होता. तो पोहोचेपर्यंत बाबा जागचे हलले नाहीत.

"कधी गेलास?"

"तुम्ही डावीकडे सरकलात तेव्हाच. सांगून तर गेलो, भावोजी."

शेडभोवती मिठाची ओली पापडी होती. तिच्यावर पावलं दोघांचीच होती. बाबांची आणि मामाची.

बाबांनी मामाला काही सांगितलं नाही. दोघांनी मिळून डावी बाजू बसवली. या वेळी बसली. मग मामाने बाहेरचा कागद ओला करून सोलून काढला. ऊन भसकन आत आलं.

आणि काचेवर ते दिसले.

हाताचे ठसे. डाव्या बाजूला. साबणाच्या पुसट सायीत उमटलेले दोन तळवे, पुन्हा दोन, पुन्हा दोन. लहान, बारीक बोटांचे.

बाबांनी बाहेरून फडकं फिरवलं. ठसे तसेच राहिले.

कारण ते बाहेरून नव्हतेच.

ते आतून होते.

विठूमामा बडबड्या माणूस. लग्नात, मयतात, कुठेही त्याचं तोंड बंद नसायचं. त्या दुपारी तो पहिल्यांदा गप्प झाला.

"पट्टी ठोकू आणि निघू," एवढंच म्हणाला.

बाबा लाकडी हातोडीने पट्टी ठोकू लागले. टक... टक... वरची बाजू झाली. उजवी झाली. खालची झाली. शेवटी राहिली डावीकडची, हातभर. तीही बसली. रबर फुगलं. काच जाम झाली.

बाबांनी हातोडी खाली ठेवली.

थप.

बंद गाडीतून. रिकाम्या गाडीतून.

थप... थप...

मग थांबेचना. थपथपथपथप... काच थरथरत होती. डाव्या बाजूला, बरोबर त्या ठशांवर. समोर ऊन होतं, लख्ख. गाडीत सीट दिसत होती, स्टिअरिंग दिसत होतं. हात दिसत नव्हते.

मग एकेक थाप हळू होत गेली.

आणि बंद झाली.

उन्हात मिठाची खपली तडकते ना, तेवढाच आवाज उरला.

"तुना पन आयकलं ना, बाला?"

शेडच्या तोंडाशी बाळारामशेठची आई उभी होती. रखमाबाई. हातात ताकाचा तांब्या. तिच्या तोंडावर भीती नव्हती, फक्त थकवा होता. तो तांब्या ती तशीच धरून राहिली.

"माझी धाकटी सून ती. रंभा. तीन वरसां झाली. माझा रघू गारी चालवत व्हता, ती बाजूला बसलेली. उघारीपाशी गारी पान्यान गेली."

उघाडी म्हणजे भरतीचं पाणी मिठागरात घ्यायची लाकडी दारं. तिथे डोह खोल असतो.

"भरती व्हती. रघू कसा तरी निंगाला. तिचा दरवाजा चिखलान रुतला. आमी बांधावर. ती आतून काचंवर हात मारत व्हती... आमी बगत व्हतो. पोरांनी पहार आनून काच फोरली, तवर..."

तिने पदर तोंडाला लावला. मग हळूच म्हणाली, "ज्यानं ती काच बसवली, त्यानं लय घट बसवली व्हती बग."

ते शब्द बाबांना लागले. ती काच त्यांनी बसवली नव्हती. पण तीही त्यांच्यासारखीच कुणीतरी बसवली होती. चोख. थेंब आत न येणारी.

"शेठना सांगू काय?" बाबांनी विचारलं. "नवरीला दुसऱ्या गाडीने पाठवा म्हणून?"

"सांगून झालं माझं. तो म्हंतो, म्हातारीला भास व्हतात."

रखमाबाई तांब्या ठेवून निघाली. जाताना बांधावरून तिचा आवाज येत राहिला. जात्यावर म्हणतात तसा, स्वतःशीच...

*खाडीच्या पाण्यावरी कोण उभी हिरव्या चुड्याची*
*वाट पाहते गं बाई माहेरच्या गाडीची*

बाबांनी हातोडी उचलली नाही. पेचकस उचलला. डावीकडची हातभर पट्टी उचकटून काढली.

"भावोजी, काम कच्चं सोडता? तुम्ही?"

"आता ढकलली तर निघेल," बाबा म्हणाले.

"कोण ढकलणार?"

बाबांनी मामाच्या खिशातलं सिगारेटचं पाकीट घेतलं. आतला चंदेरी कागद काढला, दुमडला आणि पट्टीच्या जागी खाचेत दाबून बसवला. चार पावलांवरून बघितलं तर फरक कळत नव्हता. पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी घरी आणली.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खोटं काम केलं होतं.

शनिवारी लग्न लागलं. नवरा मुलगा धाकू, घोडबंदरचा. मुंबईत टॅक्सी चालवायचा. म्हणाला, गाडी मीच चालवणार. मागे दोन करवल्या बसल्या. सुगंधा पुढे बसली.

डाव्या बाजूला.

ऊन अजून उतरायचं होतं. भरती मात्र पुरी चढली होती.

उघाडीपाशी गाडी पाण्यात गेली.

बांधावरच्या लोकांनी बघितलं, गाडी नाकावर बुडाली. दारं उघडेनात. कुणी पहार आणायला धावलं. आणि तेवढ्यात पुढची काच, अख्खी, चौकटीतून सुटून बाहेर पडली. तिच्यामागून सुगंधा. मग धाकू. मग दोन्ही करवल्या. चौघंही जिवंत.

ओहोटीला काच बांधाखालच्या चिखलात सापडली. तिला तडासुद्धा गेला नव्हता.

पाचव्या दिवशी बाळारामशेठ लेक-जावयाला घेऊन टपरीवर आले. बाबांना वाटलं, आता मार बसणार. शेठनी नारळ पुढे ठेवला.

"पट्टी का कारलीस, मी इचारनार न्हाय," ते म्हणाले. "आयनं सांगितलं व्हतं. मीच आयकलं न्हाय."

बाबांनी सुगंधाकडे बघितलं. "पोरी, बरं केलंस. वेळेवर ढकललीस काच."

तिने मान हलवली.

"मी न्हाय ढकलली, काका. माझे दोनी हात यांच्या दंडाला होते. घट. सुटतच नव्हते."

"मग धाकूने?"

"माझे हात स्टिअरिंगवर," धाकू म्हणाला. तो खाली बघत होता. "मिस्त्री, एक सांगू? गाडी बांधावरून सरळ चालली होती. वीस मैलांच्या वर नव्हती. उघाडीपाशी आलो, आणि हिच्या बाजूला काचेवर थाप पडली. आतून. मी बघायला मान वळवली..."



बाबा जन्मभर यातच अडकून राहिले. थापेने गाडी पाण्यात गेली. थापेनेच काच सुटली. दोन्ही थापा एकाच हाताच्या. मग रंभाला त्या पोरीला वाचवायचं होतं, की सोबतीला न्यायचं होतं? की आधी एक आणि मग, ती हळदीची पोर बघून, दुसरं?

आणि पट्टी असती तर?

त्यानंतर बाबांनी ज्या ज्या गाडीची काच बसवली, तिची डावीकडची हातभर पट्टी काढून ठेवली. गिऱ्हाइकं भांडायची. पावसात काचा गळायच्या. ज्याच्या काचेतून थेंब येत नाही त्या महिपतला नाक्यावर 'गळका महिपत' म्हणू लागले. काम सुटलं. मामाने वेगळी टपरी टाकली. आईने खानावळीत पोळ्या लाटल्या. बाबांनी कुणालाही कारण सांगितलं नाही. ते गेले, त्याच्या आदल्या वर्षी मला सांगितलं.

पेटी त्यांची आहे. तिच्यात एकसष्ट पट्ट्या आहेत. प्रत्येक हातभर.

सगळ्यात खालची हिलमनची, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. बाकीच्या गंजल्या. ती गंजत नाही. फक्त दर मे महिन्यात कागद ओलसर लागतो. मी जिभेला बोट लावून बघितलंय.

खारट असतो.

गेल्या महिन्यात मुलाने आमच्या पूनम सागर सोसायटीतल्या घराची बाल्कनी काचांनी बंद करून घेतली. शेवटची काच बसवताना मी कारागिराला म्हटलं, ही एक सैल ठेव.

तो हसला. "आंटी, पानी आएगा अंदर."

"आने दो," मी म्हटलं.

मुलगा चिडलाय. पावसाआधी ती पक्की करून घेणार म्हणतो.

मी दुपारी घरात एकटीच असते. बाल्कनीकडे पाठ करून बसत नाही.